आजारी शेजारी आणि माझी बंद खिडकी

२०२१ चा एप्रिल महिना. रमजान नुकताच सुरू झाला होता आणि कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. लोणावळ्यात आमच्या घराला लागूनच एक निवृत्त गुरुजी राहतात. पत्नी वारल्या आहेत, मुलगा बेंगळुरूला. एका सकाळी गल्लीत बातमी आली की गुरुजी पॉझिटिव्ह आहेत. माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी त्यांच्या अंगणाच्या बाजूला उघडते. रात्री त्यांचा खोकला स्पष्ट ऐकू यायचा. त्या दिवशी मी उठलो आणि ती खिडकी लावून घेतली. कडीही घातली.

घरात लहान मुले होती, अम्मीला दमा. कारणे खरी होती. पण खरे सांगायचे तर कडी घालताना मी कारणांचा विचार करत नव्हतो. मी घाबरलो होतो.

समोरच्या घरात एक गोवेकर ख्रिस्ती आंटी राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते. वयाने साठीच्या पुढच्या. दुपारी बघतो तर आंटी दोन मास्क लावून, हातात पेजेचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गुरुजींच्या दारात उभ्या. डबा पायरीवर ठेवायचा, मागे सरायचे, गुरुजींना बाहेर यायला सांगायचे, लांबूनच ऑक्सिमीटरचा आकडा विचारून वहीत लिहायचा. दिवसातून तीनदा. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गाठले आणि म्हणालो, "आंटी, तुमचं वय बघा. तुम्ही कशाला जाता?"

त्या म्हणाल्या, "अरे बाबा, तो एकटा आहे. त्याला पाणी कोण देणार?"

एवढेच. ना येशूचे नाव, ना उपदेश. पण प्रेषितांनी (स.) शेजाऱ्याच्या हक्काबद्दल काय सांगितले आहे ते मला लहानपणापासून पाठ होते. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानावर असलेला हक्क आहे, हेही मदरशात शिकलो होतो. पाठ मला होते, आणि पाणी आंटी देत होत्या. त्याच संध्याकाळी मी गुरुजींच्या औषधांची यादी मागून घेतली. पण तीन दिवस गेलेच होते. ते तीन दिवस माझ्या खात्यावर आहेत. त्यांचा हिशोब लावायला मी पुढे जे वाचले, ते आज वाचकांपुढे मांडतो आहे.

विटेनबर्गचे पत्र

आंटींच्या वागण्यामागे एक जुनी परंपरा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन येते. राजा उजवीकडच्या लोकांना सांगतो की मी भुकेला, तहानलेला, आजारी होतो आणि तुम्ही माझी काळजी घेतलीत. ते चकित होऊन विचारतात की आम्ही तुला आजारी कधी पाहिले? उत्तर मिळते की या लहानांतल्या लहानासाठी केले, ते माझ्यासाठीच केले. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने आजाऱ्याची सेवा हा न्यायाच्या दिवशीचा प्रश्न आहे, तो यामुळे. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली तेव्हा कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी आपल्या लोकांना रुग्णांजवळ राहायला शिकवले. कित्येकजण त्यात गेले.

पण साथीत थांबायचे म्हणजे नेमके कोणी, किती, कसे? या प्रश्नाची सर्वांत सविस्तर चर्चा मला मार्टिन ल्यूथर यांच्या एका पत्रात सापडली. १५२७ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील विटेनबर्ग शहरात प्लेग शिरला. विद्यापीठ येना गावी हलवले गेले. तिथल्या शासकाने ल्यूथरनाही निघायला सांगितले. ते गेले नाहीत. पत्नी काटारीना गरोदर होती, आणि घराचे जवळपास रुग्णालय झाले होते. त्याच सुमारास ब्रेस्लाऊ शहरातील योहान हेस या धर्मगुरूने त्यांना विचारले होते की ख्रिस्ती माणसाने जीवघेण्या साथीपासून पळावे का? ल्यूथरनी त्याचे दिलेले उत्तर छापून प्रसिद्ध झाले.

हे उत्तर वाचून मला आश्चर्य वाटले, कारण त्यात शौर्याची भाषा फारशी नाही. जीव वाचवावासा वाटणे नैसर्गिक आहे, ते पाप नव्हे, असे ते मान्य करतात. ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही आणि ज्याच्या जाण्याने कोणाचे अडत नाही, त्याने खुशाल जावे. पण धर्मगुरू, नगराचे अधिकारी, आईबाप, मालक आणि नोकर हे एकमेकांना बांधलेले आहेत. शेजारीसुद्धा. आजाऱ्याकडे बघणारे दुसरे कोणी नसेल, तर शेजाऱ्याला निघून जाता येत नाही. दुसरीकडे, देव राखील म्हणून औषध न घेणाऱ्यांना, धुरी न देणाऱ्यांना, गरज नसताना आजाऱ्यांच्या गर्दीत मिसळणाऱ्यांनाही त्यांनी झोडपले आहे. अशी माणसे देवाची परीक्षा पाहतात आणि दुसऱ्यांच्या मरणाला कारण होतात, असे त्यांचे म्हणणे.

याच ल्यूथर यांनी ज्यूंविषयी आणि मुसलमानांविषयी अत्यंत कडवट लिहिले आहे, हे मी विसरत नाही. माणूस एका पत्रात बरोबर असतो म्हणून सगळीकडे बरोबर ठरत नाही. पण त्या पत्रातला हिशोब बरोबर आहे.

अमवास आणि इमाम गजाली

आता आपल्या घरात डोकावू. मत्तयच्या त्या अध्यायाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळणारी एक हदीसे-कुदसी सहीह मुस्लिममध्ये आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो, तू भेटायला का आला नाहीस? बंदा म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा पालनहार, तुला मी कसा भेटणार? तेव्हा अल्लाह सांगेल की माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच भेटलो असतो. पुढे अन्नाबद्दल आणि पाण्याबद्दलही हेच प्रश्न आहेत. आंटी आणि मी, दोघांनाही एकच प्रश्नपत्रिका मिळाली आहे.

साथीबद्दलची हदीसही आपल्याला माहीत असते. जिथे ताऊन, म्हणजे प्लेग, पसरला असेल तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे पसरला तर पळून बाहेर जाऊ नका. कोरोनात ही हदीस व्हॉट्सॲपवर खूप फिरली. इस्लामने क्वारंटाइन आधीच सांगितले, असा अभिमान त्यामागे होता. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

हिजरी १८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमारास, शाम प्रांतात अमवासची साथ आली. खलिफा हजरत उमर (रजि.) तिकडे निघाले होते. सर्घ या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली आणि सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचे ठरवले. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय? उमर यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जातो आहे, असा त्याचा आशय. मग अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी ती हदीस सांगितली. पुढे उमर यांनी अबू उबैदांना पत्र पाठवून काही निमित्ताने बाहेर बोलावले. अबू उबैदांनी हेतू ओळखला. आपल्या माणसांना सोडून ते आले नाहीत, आणि त्याच साथीत गेले. एकाच प्रसंगात एक सहाबी परत फिरले आणि एक थांबले. ज्याची माणसे आत होती तो थांबला.

पळू नका असे का सांगितले, याचे स्पष्टीकरण इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये दिले आहे. गजाली ११११ मध्ये वारले, म्हणजे ल्यूथर यांच्या चारशे वर्षे आधीचे. ते म्हणतात, धडधाकट लोक शहर सोडून गेले तर मागे फक्त आजारी उरतील, आणि त्यांना पाणी पाजायला, घास भरवायला कोणीच राहणार नाही.

त्याला पाणी कोण देणार? हे वाचताना मला गुरुजींची पायरी दिसली. 'इह्या' कधीही न वाचलेल्या बाईने गजालींचा मुद्दा एका वाक्यात सांगितला होता.

संसर्ग खरा की नाही यावर आपल्या विद्वानांत शतकानुशतके वाद झाले. ग्रॅनाडाच्या इब्नुल खतीब यांनी चौदाव्या शतकात संसर्ग डोळ्यांना दिसतो असे ठामपणे मांडले. कैरोच्या इब्ने हजर अस्कलानी यांनी ते नाकारले आणि प्लेगवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या स्वतःच्या तीन मुली प्लेगने गेल्या होत्या. मात्र आजाऱ्याला टाकून देऊ नये, याबद्दल या वादात कोणाचे दुमत नव्हते.

घाटातले बिननावाचे

हे सारे लांबचे. आमच्या मावळात काय घडले?

आजचे लोणावळा रेल्वेने घडवले. बोरघाटातील लोहमार्गाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये तो खुला झाला. पंचवीस बोगदे, कड्यांच्या अंगाने बांधलेले पूल. १८६१ च्या सुमारास एकाच वेळी जवळपास ४२,००० मजूर या घाटात राबत होते. कोकणातून, देशावरून आलेली ही माणसे गवताच्या झोपड्यांत राहत. पाण्याची सोय नाही, शौचाची नाही. पटकी आली की वस्त्याच्या वस्त्या झोपायच्या. मृत्यूंचा अंदाज २५,००० पर्यंत केला जातो. मजुरी थकवली म्हणून १८५९ मध्ये दंगाही झाला आणि पहिल्या कंत्राटदाराचे काम गेले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला, आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुरे करून घेतले.

ॲलिस ट्रेडवेलचे नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवे. पण त्या हजारो मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. रेल्वेबरोबर लोणावळ्यात इंजिनांचा कारखाना आला, साहेबांची वस्ती आली, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रार्थनास्थळेही आली. ज्या राज्यकर्त्यांचा धर्म आजाऱ्याला राजा मानायला सांगत होता, त्यांच्या देखरेखीखालच्या या घाटात आजारी मजूर हा फक्त कमी झालेला हात होता. कर्तव्य पुस्तकात असते तेव्हा ते कोणालाच वाचवत नाही. ख्रिस्त्यांनाही हे लागू, आपल्यालाही.

१८९७ चे पुणे

याच घाटातून चाळीस वर्षांनी प्लेग वर चढला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. लोक त्यांच्यावर चिडले, पण ते मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांतून रुग्ण तपासत फिरत राहिले. त्यांचा पुतळा मुंबईत मेट्रो सिनेमासमोर आहे. मुंबईच्या प्लेग रुग्णालयांत कॅथलिक सिस्टर्सनी शुश्रूषा केली. गिरगाव, वांद्रे, माझगावच्या गल्ल्यांत त्या काळी उभारलेले क्रूस आजही दिसतात. दरम्यान जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून निघाली. जी.आय.पी.च्या गाड्या भरभरून लोणावळ्यावरून पुण्याकडे जाऊ लागल्या.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात रँड आले, त्यांच्याबरोबर गोरे सैनिक. घराघरांत बूट घालून शिरणे, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी. पुढे २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते सर्वांना ठाऊक आहे. मला इथे दोन बायका आठवतात.

पहिल्या सावित्रीबाई फुले. पुण्याबाहेर सासाणे मळ्यात त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक प्लेगग्रस्त मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि मुसलमानही नव्हत्या. ज्याला इतरांनी शिवायचेही टाळले असते, त्या मुलाला त्यांनी पाठीवर घेतले. शेजारी कोणाला म्हणायचे, याचे याहून स्पष्ट उत्तर मला कोणत्याही धर्मग्रंथाच्या टीकेत मिळालेले नाही.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळातून वाचवलेल्या मुली त्यांच्याकडे पुण्यात होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात गर्दी करता येईना, म्हणून त्यांनी मुलींना केडगावच्या जमिनीवर हलवले. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्लेग रुग्णालयात आणि छावणीत बायका-मुलींची जी विटंबना होत होती, त्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती, सैनिक ख्रिस्ती, पत्र ख्रिस्ती आणि तक्रार करणारी बाईही ख्रिस्ती. सरकारने आरोप फेटाळले. त्याच वर्षी अशाच बातम्यांवरून लंडनमध्ये बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना पुरावा देता न आल्याने जाहीर माफी मागावी लागली. अशा वातावरणात रमाबाई बोलल्या. आजाऱ्याची सेवा म्हणजे फक्त पेज आणि पाणी नव्हे. त्याची अब्रू राखणे हाही त्या सेवेचा भाग आहे, हे त्यांनी दाखवले.

आणि मुसलमान? ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रिपन रोडवर जुलाहा विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका बारा वर्षांच्या मुलीला न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, गोळीबार झाला, दंगल पेटली. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग बऱ्याचदा अडाणी लोकांचा विरोध म्हणून येतो. पण त्या बापाच्या जागी उभे राहून पाहा. रुग्णालयातून माणूस परत येत नाही असा अनुभव होता, आणि मुलीला परके पुरुष घेऊन जाणार होते. त्याच्या दृष्टीने तिला सोडणे म्हणजे आजाऱ्याला टाकणे होते. चूक त्याच्या प्रेमात नव्हती. लपवलेला रुग्ण साऱ्या गल्लीला धोका होता, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी समजून घेणारे लोकही तेव्हा होते. तरुण आगाखान यांनी हाफकिन यांची लस लोकांसमोर टोचून घेतली आणि आपल्या खोजा अनुयायांची भीती घालवली. जाती-जमातींची स्वतःची प्लेग रुग्णालये निघाली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. आपल्या माणसांच्या हातचे पाणी मिळणार असेल, तर लोक रुग्णालयात जायला तयार होत.

पुन्हा आमची गल्ली

मार्च २०२० मध्ये हाच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. त्यानंतरचे काही आठवडे मुसलमान म्हणून आपण कसे काढले, ते वाचकांना सांगायला नको. तबलिगी जमातच्या निमित्ताने भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे सुनावले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्याच काळात पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा एक मजला विलगीकरणासाठी देऊ केला. ठिकठिकाणच्या मुस्लिम तरुणांनी ज्यांचे नातेवाईक पुढे आले नाहीत अशा हिंदूंच्या चितांना अग्नी दिला. या बातम्या आपण अभिमानाने एकमेकांना पाठवल्या. मीही पाठवल्या.

आणि वर्षभराने माझी पाळी आली तेव्हा मी खिडकी लावली. समाजाच्या पुण्यावर माणसाला आपले कर्ज फेडता येत नाही.

मी काय करायला हवे होते? घरात शिरून गुरुजींच्या उशाशी बसायला नको होते. अम्मीच्या दम्याचा विचार करणे हेही कर्तव्यच होते, आणि हजरत उमरही परत फिरलेच होते. ल्यूथर आणि गजाली, दोघांनीही माझ्याकडून तेवढे मागितले नसते. खिडकी लावायलाही हरकत नव्हती. पण लावण्याआधी हाक मारून विचारता आले असते, "गुरुजी, काही हवंय का?" भिंतीपलीकडून फोन करता आला असता. डबा पायरीवर ठेवता आला असता. आंटींनी केले ते एवढेच होते. मास्क लावला, अंतर ठेवले, हात धुतले, आणि रोज गेल्या.

गुरुजी बरे झाले. १४ मे रोजी ईद होती. नमाज घरीच झाली. शीरखुर्म्याचे दोन डबे भरून मी निघालो, एक आंटींकडे, एक गुरुजींकडे. गुरुजी दारात आले, अजून थकलेले होते. म्हणाले, "तू औषधं आणून दिलीस, फार आधार झाला रे." मी मान हलवली. खिडकीचे सांगायचे धाडस झाले नाही.

ते हा ब्लॉग वाचतात. आता त्यांना कळेल.